कडेच्या दाराचा घाम

१८ ऑगस्ट, सोमवार
नवीन थंड कपाट बसून आठवडा नाही झाला, तिन्ही काचेच्या दारांना घाम. खाली फरशीवर पाणी. एक गिऱ्हाईक घसरता घसरता राहिली आणि वर मलाच ओरडली. डिचोलीच्या बाजारात एवढी दुकानं, हिला पडायला आमचंच मिळालं. पात्रांवांना, म्हणजे दुकानाच्या मालकांना, फोन केला. म्हणाले, "सुमन, फडको मार." म्हटलं, दिवसभर फडकाच मारू की दूध विकू?

दुपारी कंपनीचा माणूस आला. महांतेश, बेळगावकडचा. मला अक्का म्हणतो. कपाटाच्या माथ्यावर काळी डबी आहे, ती दाखवली. दाराच्या चौकटीत तार असते, ती तापते म्हणून काचेवर पाणी धरत नाही. हवा किती दमट, काच किती गार, ते डबी बघते आणि तार किती तापवायची ते ठरवते. वर दिसतो तो आकडा म्हणजे तार किती तापली त्याचा टक्का: शून्य म्हणजे बंद, शंभर म्हणजे पूर्ण.
"कोरड्या गावचा आकडा घालून पाठवलंय बगा कुणीतरी. गोव्यात चालतंय व्हय ह्ये?"
सेट दाबून धरायचं, आत घातलेला अंश दिसतो, तो बाणाने वर न्यायचा, परत सेट. मलाच करायला लावलं. थोड्या वेळात काच कोरडी.
पात्रांव म्हणतात सकाळी आणि दुपारी दुकान उघडलं की आकडे बघून सांग. त्यांच्या फोनवर पण दिसतात, पण फोनवर विश्वास नाही. माझ्यावर आहे.
दार १ दूध-दही. दार २ थंड बाटल्या. दार ३ कडेचं, फुलं.

२० ऑगस्ट, बुधवार
आकडे: ३५, ३५, ४०. काच कोरडी.
केरीचे लोक माझ्या मुलीला, रेश्माला, बघून गेले. पसंत आहे. मुलगा बरा, बोलतो कमी. आई बोलते. चहा संपायच्या आत विचारलंन, "कन्यादान कोण करतलो?"
मी म्हटलं, बाप नाही.
"नाय म्हणजे गेलो काय खंय आसा?"
काय सांगणार. हे आमोण्याला खनिजाच्या बार्जवर खलाशी होते. सकाळी बार्ज धक्क्याला लागली, ह्यांचा शर्ट दोरीवर वाळत होता, हे नव्हते. नदी शोधली. पोलीस झाले, पाणबुडे झाले. काही मिळालं नाही. रेश्मा तेव्हा शाळेत. आता बारा वर्षं झाली.
बाई म्हणाली त्यांच्या भटाने सांगितलंय, न सापडलेल्या माणसाचा बारा वर्षांनी पळसाच्या पानांचा माणूस करतात, त्याला अग्नी देतात. मग तो पितरांत जातो. मग लग्न बिनघोर. तुळशीचं लग्न झालं की मुहूर्त धरू, त्याच्या आधी एवढं करून घ्या.
शाली, माझी नणंद, उठून आत गेली. कप आपटले. ती ह्यांची धाकटी बहीण, लग्न केलंन नाही, माझ्याबरोबर दुकानात असते. तिच्यासाठी दादा अजून यायचा आहे.
मला काय वाटतं ते कोणी विचारलं नाही. विचारलं असतं तर सांगितलं असतं, करून टाका. बारा वर्षं मी कुंकू लावते आणि लावताना दर वेळी वाटतं की खोटं करते आहे.

२४ ऑगस्ट, रविवार
शालीच्या हट्टापायी देवळात गेलो. देवाला कळे, म्हणजे फुलांच्या कळ्या, लावायचे, जो आधी पडेल तो देवाचा कौल, देव सांगेल ते करायचं. भटाने पाणी लावून दोन कळे पाषाणाला चिकटवले. गाऱ्हाणं घातलं. हयात असेल तर उजवा दे, नसेल तर डावा दे.
बसलो. माणसं आली, नारळ ठेवून गेली. दोन्ही कळे जिथल्या तिथे. माझे पाय मुंग्यांनी भरले. भटाने परत पाणी शिंपडलं. काही नाही.
भट म्हणाला, "देव आज उलयना." बोलत नाही म्हणे.
घरी येताना शाली बसमध्ये हसत होती. "वैनी, दादा मेल्लो जाल्यार देव सांगचो नासलो?"
मी म्हटलं, जिवंत असता तरी सांगितलं असतं. 

२७ ऑगस्ट
गणपतीची चवथ. फुलांपायी जीव गेला. झेंडू, शेवंती, अबोली, सगळं कडेच्या दारात कोंबलेलं. आकडे बघायला वेळ नाही. बरे असतील.

१ सप्टेंबर, सोमवार
पात्रांवांचा फोन. "सुमन, कडेचें दार उक्तें उरलां?"
म्हटलं नाही. बंद करून गेले होते जेवायला.
म्हणे दुपारी, दुकान बंद असताना, तीन नंबरचा हीटर शंभरवर गेलेला दिसला. बाकीची दोन गप्प. काल पण. परवा पण.
दुपारी उघडल्यावर बघितलं तर ३५, ३५, ४०. काच कोरडी. खाली मात्र ओल आणि दोन शेवंतीच्या कळ्या. मी झाडून गेले होते.

३ सप्टेंबर, बुधवार
जेवून लवकर परत आले. शटर अर्धं वर. आत शाली.
कडेच्या दाराचा आतला अंश उतरवून घाम आणलेला. बघून बघून शिकली असणार. ओल्या काचेवर दोन कळ्या चिकटवलेल्या, समोर हात जोडून उभी. मला बघून हलली नाही. म्हणाली, "राव मातशें."
उभी राहिले. का राहिले देव जाणे.
एक कळी सरकत सरकत खाली आली. उजवीकडची.
"पळे," म्हणाली. "दर फावटीं उजवोच. देव उलयलो ना, हें उलयता."
मी म्हटलं, शाले, हे दूध ठेवायचं कपाट आहे.
"आसूं. दादा जितो आसा म्हणटा."
कानाखाली वाजवणार होते. नाही वाजवली. पुसून घेतलं, अंश परत वर चढवला. तशी ओली काच सुकवायला तार शंभरवर गेली, पात्रांवांना रोज दिसायचं ते हेच. तिच्याकडची चावी काढून घेतली.

४ सप्टें.
महांतेशला फोन. म्हटलं बटणाला कुलूप घालता येतं का. म्हणाला येतंय की, आणि नंबर सांगितला. घातला. वर तीन नंबरचा आतला अंश आणखी दोनने चढवायला सांगितलान, म्हणजे कितीही दमट झालं तरी बाहेरून थेंब धरणार नाही.
आकडे: ३५, ३५, ५५. काच कोरडी खडखडीत.
शाली माझ्याशी बोलत नाही. बरं आहे, काम होतं.

६ सप्टेंबर, शनिवार
रात्री जेवताना रेश्माला कळलं. तिला हसू आलं. मग म्हणाली, "आत्ये, पण तू खंयचो उजवो धरलोस?"
शाली म्हणाली उजवा तो उजवा.
"देवळात भट देवाचा उजवा धरतो. देव आपल्याकडे तोंड करून बसलेला असतो. त्याचा उजवा म्हणजे आपला डावा. तू तुझा धरलास की त्याचा?"
"कोणाचो त्याचो?"
"दारात जो कोण आसा ताचो." रेश्मा अजून हसत होती.
 शालीच्या हातातला पाव ताटात पडला. मग मलाही कळलं.
शाली काचेसमोर उभी राहून आपला उजवा धरत होती. आत कोणी नसेल तर कळ्या नुसत्या पाण्याने पडल्या, त्याला अर्थ नाही. आणि आत कोणी असेल, आपल्याकडे तोंड करून, तर त्याचा प्रत्येक वेळी डावा पडला.
म्हणजे कोणी नसेल तर काही सांगितलेलंच नाही. कोणी असेल तर सांगितलंय की मी नाही.
रेश्माला म्हटलं, ताटं उचल.

९ सप्टेंबर, मंगळवार
म्हाळ लागले. लोकांना पितरांसाठी फुलं हवी, आणि सगळ्यांना आत्ताच.
आकडे: ३५, ३५, १००. बाहेरून काच कोरडी. आतून धुकं.
आधी वाटलं बाहेरूनच आहे, फडका मारला, जात नाही. दार उघडलं आणि आतून पुसलं. फडका तांबडा आला. इथे खनिजाचे ट्रक फिरतात, कुठलाही फडका तांबडाच येतो. पण आतून?
महांतेश आला. डबी उघडली, तारा बघितल्या, रबर बघितलं. "आतून घाम येतच नाही अक्का, दार उघडं ऱ्हायल्याशिवाय. भायरची हवा आत गेली तरच."
म्हटलं दार उघडं राहिलेलं नाही.
"मग फुलं. फुलं पण श्वास सोडतात की. लई कोंबलीत."
हे पटलं मला. फुलं कोंबलीच आहेत. शालीला हाक मारून मोठ्याने सांगितलं, ऐक, फुलांचा श्वास आहे. ती म्हणाली, "आयकलें."

११ सप्टें.
सगळी फुलं दार २ मध्ये हलवली, बाटल्या बाहेर काढून. कडेचं दार रिकामं. नुसत्या जाळ्या.
आकडे सकाळी: ३५, ४५, १००.
दार २ मध्ये फुलं, काच स्वच्छ. दार ३ रिकामं, आतून धुकं.
महांतेशला फोन केला.  म्हणाला, सेन्सर बदलतो अक्का, सोमवारी. मी विचारलं सेन्सर बिघडला तर आकडा चुकेल, धुकं का येईल? म्हणाला, "ते मी पण इचार करालोय."

१३ सप्टेंबर, शनिवार
आज जेवायला गेले नाही. दुपारी शटर अर्धं ओढून आत स्टुलावर बसले. बाजार गप्प झाला. पलीकडच्या बारमधला रेडिओ पण बंद झाला. मग बघत बसले.
आकडे स्थिर होते. मग तिसरा चढायला लागला. ५५, ७०, ८५. दार बंद, मी समोर. १०० झाला आणि काचेवर आतून धुकं धरलं. सगळीकडे नाही. मधे, माणसाचं तोंड येईल तेवढ्या उंचीवर. मोठं होतं, लहान होतं. परत मोठं. कपाटाचा पंखा लागतो आणि बंद होतो, त्याने होत असेल. बघत राहिले. थोड्या वेळाने कळलं की मीही तसाच श्वास घेत होते.
मी म्हटलं, बोलायचं असेल तर बोला, नाहीतर मला दूध उतरवून घ्यायचंय. गाडी येते आहे.
काही नाही. गाडीचा हॉर्न वाजला. उठले. शटर वर केलं तेव्हा आकडा उतरत होता.
बारा वर्षांत ह्यांच्याशी बोलले ते हेच. दुधाच्या गाडीचं.

१५ सप्टें.
महांतेशने सेन्सर बदलला. नवा पण तेच दाखवतो. जुना त्याने खिशात घातला आणि कपाटाकडे पाठ न करता मागे मागे बाहेर गेला. चहा घेतला नाही.

१६ सप्टेंबर, मंगळवार
भटाला हो म्हणून सांगितलं. अमावास्येला, आमोण्याला नदीकाठी. अग्नी कोण देणार विचारलं. चुलत दीर आहे म्हटलं. रेश्मा मधेच म्हणाली, "बाबा माझे, मी देणार." भट बघू म्हणाला. ती म्हणाली, बघा मग, मी आलेच. ही कोणावर गेली ते सगळ्यांना माहीत आहे.
शालीने भांडण केलं नाही. मला भांडण हवं होतं. जेवली नाही. भांडी घासून झाल्यावर माझ्या मागे येऊन उभी राहिली.
"वैनी, म्हाका एकूच सांग. ताका थंय थंड लागत आसतलें?"
मी म्हटलं, आधी जेव.
मग मलाच झोप नाही.

१७ सप्टें.
पात्रांवांचा फोन, आरडाओरड. कडेचं दार कोणीतरी हाताने शंभरवर कायम करून ठेवलंय. आपोआप नाही, हाताने. रिकाम्या दाराला एवढी वीज कशाला?
शालीकडे बघितलं. ती दह्याचे डबे लावत होती, एकावर एक, फार नीट.
कुलपाचा नंबर कसा मिळाला विचारलं. म्हणाली, "तूं दामताना पळयलो." मी बटणं दाबताना बघून ठेवला होतान.
बाहेरून चौकटीला हात लावला. गरम, चांगली गरम. हिवाळ्यात चुलीजवळची भिंत असते तशी.
पात्रांवांना सांगितलं, महांतेशने चाचणीसाठी ठेवलंय. दोन-चार दिवस राहू दे. खोटं बोलले. आकडा उतरवला नाही.

१८ सप्टें.
३५, ४०, १००. आतून धुकं कमी.
शाली जेवली.

२० सप्टेंबर, शनिवार
माझा भाऊ दोडामार्गाहून पळसाची पानं घेऊन आला. ओली, मोठी, सुतळीने बांधून गठ्ठा. म्हणाला उद्यापर्यंत सुकता कामा नयेत, सुकली की मोडतात, माणूस बनत नाही. थंड जागी ठेव. दूध आणि फुलांच्या दारांत बोट शिरेल एवढी जागा नाही. मी म्हटलं घरी माठाजवळ ठेवू.
शाली म्हणाली, "कित्याक? कडेचें दार रितें आसा मरे."
मी काही बोलायच्या आत तिने दार उघडलं, मधल्या जाळीवर गठ्ठा आडवा ठेवला, पदराने वरचं पाणी टिपलं आणि दार लावलं. हळू. निजलेल्या मुलाच्या खोलीचं लावतात तसं.
भाऊ म्हणाला, चांगली बाई, समजूतदार. त्याला काय माहीत.

२१ सप्टेंबर, रविवार. अमावास्या
सकाळी दुकानात आले पानं न्यायला. पिकअप बाहेर उभी आहे, भट पुढे बसलाय, रेश्मा मागे. शाली दाराशी.
आकडे: ३५, ४०, ०.
परत बघितलं. शून्य. हाताने शंभरवर कायम केलेलं, ते शून्य कसं होईल? महांतेशला फोन लावला, उठवला. म्हणाला, "न्हाई हो अक्का. शंभर घातलं की शंभरच. शून्य दाखवत न्हाई." मग म्हणाला, काच कशी आहे?
काच स्वच्छ. बाहेरून कोरडी, आतून कोरडी. एक थेंब नाही. ह्या कपाटात आल्यापासून एवढी स्वच्छ काच बघितली नाही.
"मग सुटलं की ओ," म्हणाला. "आता बिनघोर ऱ्हावा."
चौकटीला हात लावला. डबी शून्य सांगते आणि चौकट गरम आहे. कालच्यापेक्षा गरम.
आत गठ्ठा दिसतो. काल आडवा ठेवला तसाच आहे. सुतळी तशीच. पानं हिरवी, ताजी, टवटवीत, जशी आत्ता झाडावरून काढली.
मी स्टुलावर बसले आहे आणि हे लिहिते आहे. मी कधी कोणाला थांबवून ठेवत नाही, सगळ्यांना माहीत आहे. भटाने एकदा हॉर्न वाजवायला लावला. शाली म्हणाली, "वैनी, पानां हाड गो भायर." मी म्हटलं आले. ती आत आली नाही. उंबऱ्याच्या बाहेरच उभी आहे. काल हिनेच ठेवली, आज हिचा पाय आत पडत नाही.
नदीकाठी गेलं की भट त्या पानांची डोकं, हात, पाय, सगळं मांडेल. रेश्मा अग्नी देईल. मग मी कुंकू पुसायचं आणि केरीला सांगायचं की झालं, मुहूर्त काढा. हे सगळं मला पाठ आहे. मीच हो म्हटलंय.
पळसाची पानं ती, वजन ते काय असणार. काल भावाने एका हाताने आत आणली. पण आता उचलली आणि जड लागली तर काय करायचं, ते भटाने सांगितलेलं नाही. मीही विचारलं नाही.
परत हॉर्न. रेश्मा उतरली वाटतं, चपलांचा आवाज येतो आहे. ती यायच्या आत मीच उघडते.